व्हॉल्व्हच्या हँडलचे यांत्रिक आरेखन : टॉर्कच्या हिशेबापासून खाऱ्या हवेपर्यंत

कारखान्यातील व्हॉल्व्हचे मूळ हँडल गंजून मोडले, की नवे हँडल बहुधा जवळच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये हाती लागेल त्या पट्टीतून कापून घेतले जाते. गोव्यातील वेर्णा, कुंडई, पिसुर्ले किंवा कुंकळ्ळी यांपैकी कोणत्याही औद्योगिक वसाहतीत फिरताना अशी हँडले सहज दिसतात. एखादे गरजेपेक्षा दुप्पट लांब असते, एखादे स्पिंडलला, म्हणजे व्हॉल्व्हचा आतला भाग फिरवणाऱ्या दांडीला, थेट वेल्ड केलेले असते, तर एखादे चुकून नव्वद अंशांनी वळवून बसवलेले असते आणि त्यामुळे उघडा व्हॉल्व्ह बंद असल्याचा भास होतो. हँडल स्वस्त असते, म्हणून त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. मात्र चुकीच्या हँडलमुळे स्पिंडल पिळवटला, तर संपूर्ण व्हॉल्व्ह बदलावा लागतो आणि त्यासाठी लाइन बंद ठेवावी लागते. या लेखाचा आग्रह एवढाच आहे, की हँडलची आखणी सीटपासून, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत प्रवाह जेथे बंद होतो त्या बैठकीपासून, सुरू करून हातापर्यंत आणावी आणि अतिरेकी जोर लागलाच, तर सर्वांत आधी हँडल वाकेल अशी योजना करावी. खालील पायऱ्या देखभाल अभियंता आणि फॅब्रिकेटर या दोघांनाही वापरता येतील अशा रीतीने मांडल्या आहेत.

आधी व्हॉल्व्हचे काम निश्चित करा

व्हॉल्व्ह दिवसातून दहा वेळा फिरवला जाणार की वर्षातून एकदा, तो केवळ उघड-बंद करण्यासाठी आहे की प्रवाह कमी-जास्त करण्यासाठी, आणि आणीबाणीत तो किती सेकंदांत बंद व्हायला हवा, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून मगच पुढे जावे. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या बॉल, प्लग आणि बटरफ्लाय व्हॉल्व्हना दांडा किंवा गिअरबॉक्स लागतो. अनेक फेऱ्यांच्या स्लूस, ग्लोब आणि डायफ्रॅम व्हॉल्व्हना चाक, म्हणजे हँडव्हील लागते. हँडल मुळात हवेच का, हाही प्रश्न एकदा विचारून पाहावा. गोव्यातील खाजन, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतीच्या बांधांवर असलेल्या मानशीची (पाणी अडवणाऱ्या दाराची) लाकडी झडप भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते. प्रवाह केवळ एका दिशेने रोखायचा असेल, तर पाइपलाइनमध्येही नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तेच काम करतो आणि माणसाच्या आठवणीवर विसंबून राहावे लागत नाही.

टॉर्कचा आकडा मिळवणे

हँडलचा सर्व हिशेब एका आकड्यावर उभा असतो आणि तो म्हणजे व्हॉल्व्ह जागचा हलवण्यासाठी लागणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर (बळ गुणिले स्पिंडलपासूनचे अंतर). चालू फेऱ्यातील टॉर्क याहून बराच कमी असतो, म्हणून त्यावर आखलेले हँडल पहिल्याच दिवशी अपुरे पडते. उत्पादकाच्या तक्त्यात दाबानुसार हा आकडा दिलेला असतो. तक्ता उपलब्ध नसेल, तर लाइनवर पूर्ण दाब असताना स्पिंडलच्या चौकोनी टोकावर टॉर्क रेंच लावून तो मोजावा.

या आकड्याला परिस्थितीनुसार गुणक लावावा लागतो. स्वच्छ पाणी असेल आणि व्हॉल्व्ह नियमित फिरवला जात असेल, तर १.२५ ते १.५ पुरेसा होतो. खाणीच्या खड्ड्यातून उपसलेले लाल गाळाचे पाणी, घट्ट होणारा द्रव किंवा कोरडा वायू असेल, तर मी २ पेक्षा कमी गुणक धरत नाही. पीटीएफईची (टेफ्लॉनची) सीट असलेला बॉल व्हॉल्व्ह अनेक महिने एकाच स्थितीत राहिला, की सीट बॉलला घट्ट बिलगते आणि पहिल्या हालचालीला लागणारा टॉर्क वाढतो. आगीच्या पाण्याच्या लाइनवरील व्हॉल्व्ह नेमके असेच वर्षानुवर्षे पडून असतात आणि नेमक्या वेळी ते एका झटक्यात फिरावे लागतात, त्यामुळे तेथे गुणकाबाबत कंजुषी करू नये.

माणसाचा हात किती जोर लावतो

पाइपलाइन व्हॉल्व्हसाठीच्या एपीआय ६डी या मानकात चाकावर किंवा दांड्यावर लावाव्या लागणाऱ्या जोराची कमाल मर्यादा ३६० न्यूटन, म्हणजे सुमारे ३७ किलो वजनाइतकी आहे. ही मर्यादा व्हॉल्व्ह जागचा हलवण्याच्या क्षणापुरती आहे, हे विसरू नये. तीस फेरे फिरवायचे असतील, तर सतत लागणारा जोर माझ्या मते १५० न्यूटनच्या आत असावा, अन्यथा पावसाळी दमट हवेत काम करणारा माणूस अर्ध्यातच थांबतो आणि व्हॉल्व्ह अर्धा उघडा राहतो. एका हाताने फिरवायच्या लहान दांड्यासाठी २०० न्यूटन हा आकडा धरणे सोयीचे ठरते, कारण तो बहुतेक प्रौढ व्यक्तींच्या आवाक्यात असतो.

दुसरीकडे, माणूस घाबरला किंवा व्हॉल्व्ह जाम झाला, की तो यापेक्षा कितीतरी अधिक जोर लावतो. अमेरिकेच्या वॉटर वर्क्स असोसिएशनच्या सी५०४ या बटरफ्लाय व्हॉल्व्हच्या मानकात चाकावर ८० पौंडांत काम व्हावे, पण २०० पौंड, म्हणजे सुमारे ८९० न्यूटन ओढ लागली तरी यंत्रणेला इजा होऊ नये, अशी अपेक्षा आहे. कामाचा जोर आणि गैरवापराचा जोर हे दोन वेगळे आकडे म्हणून शेवटपर्यंत सांभाळावेत. दांड्यावर पाइप चढवून जोर वाढवण्याची सवय आपल्याकडे सर्वत्र आहे आणि त्यावर सूचनाफलक हा उपाय नाही. दांड्याचे टोक रुंद किंवा वळवलेले ठेवले, तर पाइप त्यावर चढतच नाही.

दांड्याचा हिशेब

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. ५० मिमी व्यासाचा बॉल व्हॉल्व्ह आहे, उत्पादकाच्या तक्त्यात टॉर्क ४० न्यूटन-मीटर दिला आहे आणि गुणक १.५ धरला आहे. म्हणजे ६० न्यूटन-मीटरसाठी आखणी करायची आहे. हाताचा जोर २०० न्यूटन धरला, तर स्पिंडलच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंतचे अंतर ३०० मिमी येते. मूठ सुमारे १०० मिमी रुंद असते आणि तिचा मध्य टोकापासून ५० मिमी आत येतो, म्हणून दांड्याची एकूण लांबी ३५० मिमी ठेवावी लागेल. एपीआय ६डीमध्ये दांड्याची लांबी व्हॉल्व्हच्या दोन्ही टोकांमधील अंतराच्या दुपटीपेक्षा जास्त असू नये, असे म्हटले आहे. आपला व्हॉल्व्ह त्या मानकाखाली येत नसला तरी ही पडताळणी उपयोगी पडते, कारण त्याहून लांब दांडा लागत असेल, तर बहुधा गिअरबॉक्सची वेळ आलेली असते.

आता स्पिंडल पाहू. चौकोनी स्पिंडलमध्ये पिळामुळे येणारा सर्वाधिक ताण काढण्यासाठी टॉर्कला, बाजूच्या घनाच्या ०.२०८ पटीने भागतात. आयएसओ ५२११ मानकातील नेहमीचे चौकोन ९, ११, १४, १७ मिमी असे वाढत जातात. ११ मिमीचा चौकोन घेतला, तर ६० न्यूटन-मीटरला ताण २१७ मेगापास्कल येतो. १४ मिमीला तो १०५ येतो. ३१६ स्टेनलेस स्टीलची किमान यील्ड मर्यादा, म्हणजे ज्या ताणापुढे धातू कायमचा वाकतो ती मर्यादा, २०५ मेगापास्कल आहे आणि पिळासाठी तिचा ०.५७७ पट, म्हणजे सुमारे ११८ मेगापास्कल धरावा लागतो. अर्थात ११ मिमीचा स्पिंडल येथे चालणार नाही, १४ मिमीचा जेमतेम चालेल.

दांड्यासाठी ८ मिमी जाडीची पट्टी धरू. दांडा आडवा फिरतो, म्हणून पट्टीची रुंदी जोराच्या दिशेने असते आणि वाकण्याला तीच विरोध करते. २० मिमी रुंदीला छेद-गुणांक, म्हणजे जाडी गुणिले रुंदीचा वर्ग भागिले ६, हा ५३३ घन मिमी येतो आणि ६० न्यूटन-मीटरला ताण ११२ मेगापास्कल होतो. ३०४ स्टेनलेसच्या २०५ मेगापास्कल मर्यादेपुढे हे सुरक्षित आहे. २०० न्यूटन जोराला टोक सुमारे पावणेदोन मिमी लवते, जे हाताला जाणवतही नाही.

आधी काय वाकावे

बहुतेक फॅब्रिकेटर येथेच थांबतात आणि 'मजबूत असू दे' म्हणून ३२ मिमी रुंदीची पट्टी वापरतात. त्या पट्टीचा छेद-गुणांक १३६५ घन मिमी होतो आणि ती २८० न्यूटन-मीटरपर्यंत वाकत नाही. स्पिंडल मात्र ३१६ स्टेनलेसचा असेल, तर ६७ न्यूटन-मीटरला पिळायला लागतो आणि सुमारे १०८ न्यूटन-मीटरला पूर्णपणे हार मानतो. व्हॉल्व्ह जाम असताना कोणी जोर लावला, तर दांडा शाबूत राहील आणि स्पिंडल तुटेल. तो ग्लँडच्या, म्हणजे स्पिंडलभोवतीची गळती रोखणाऱ्या भागाच्या, आतील बाजूस तुटला, तर आतला दाब त्याला बाहेर फेकू शकतो. म्हणूनच स्पिंडलचा सर्वांत कमकुवत छेद दाबाच्या क्षेत्राबाहेर असावा, हा पाइपलाइन व्हॉल्व्हच्या आखणीतील जुना नियम आहे.

आपल्या उदाहरणात स्पिंडल २२०५ डुप्लेक्स स्टीलचा घेतला, तर त्याची यील्ड मर्यादा ४५० मेगापास्कल असल्याने १४ मिमी चौकोन १४८ न्यूटन-मीटरला पिळायला लागतो आणि सुमारे २३८ न्यूटन-मीटरला पूर्ण शरण येतो. ३०४ स्टेनलेसची २० × ८ मिमी पट्टी १०९ न्यूटन-मीटरला वाकायला लागते आणि सुमारे १६४ न्यूटन-मीटरला दुमडते. दांडा आधी वाकतो आणि स्पिंडल वाचतो, हाच क्रम आपल्याला हवा होता. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. बाजारात मिळणाऱ्या पट्टीची खरी यील्ड मर्यादा पुस्तकातील किमान आकड्यापेक्षा बरीच जास्त असू शकते, आणि ३०४ स्टेनलेस वाकताना अधिक कठीणही होते. म्हणून दोन्ही आकडे एकमेकांना चिकटून आलेले चालत नाहीत. पट्टीचे टेस्ट सर्टिफिकेट मागावे आणि त्यातील आकड्यावर हिशेब पुन्हा करावा.

दांडा थांबवणारा अडसर कोठे आहे, हेही येथेच पाहावे. दांड्याचे किंवा त्याखालच्या पट्टीचे टोक व्हॉल्व्हच्या बॉडीवरील उंचवट्यावर थेट आपटत असेल, तर शेवटच्या क्षणी लावलेला अतिरेकी जोर दांड्यातून सरळ बॉडीत जातो आणि स्पिंडलपर्यंत पोहोचतच नाही. अडसर व्हॉल्व्हच्या आत असेल, तर सर्व जोर स्पिंडलमधून जातो. नवे हँडल करताना मूळ हँडलची ही लहानशी कड गाळली गेल्याचे अनेकदा आढळते, आणि ती नसल्यास बॉल नव्वद अंशांच्या पुढे फिरून व्हॉल्व्ह गळू लागतो.

चौकोनी भोक, नट आणि बसण्याची दिशा

हँडलचे आयुष्य बहुतेक वेळा त्याच्या डोळ्याशी, म्हणजे स्पिंडलवर बसणाऱ्या भोकाशी संपते. २० मिमी रुंद पट्टीत १४ मिमी चौकोन कापल्यास दोन्ही बाजूंना अवघे तीन-तीन मिमी उरतात. म्हणून त्या जागी पट्टी किमान ४० मिमी रुंद ठेवावी लागते. लेझर कटिंगने हा आकार एकाच फटक्यात निघतो. डोळ्याची जाडीही महत्त्वाची असते. ८ मिमी जाडीत चौकोनाच्या कोपऱ्यांजवळ १०९ न्यूटन-मीटरला दाब सुमारे २०० मेगापास्कलपर्यंत जातो आणि भोक हळूहळू गोल होऊ लागते. खाली आणखी ४ ते ६ मिमीची चकती वेल्ड करून डोळा जाड करावा आणि चौकोन वेल्डिंगनंतर अखेरच्या मापात आणावा, कारण वेल्डच्या उष्णतेने तो आकसतो.

भोक आणि स्पिंडल यांच्यातील ढिलाई कमी ठेवावी. १४ मिमीच्या चौकोनात ०.२ मिमी ढिलाई असली, तर दांडा दोन्ही बाजूंना सुमारे ०.८ अंश हलतो, म्हणजे मुठीपाशी चार मिमीपेक्षा जास्त खेळ होतो. उघड-बंद व्हॉल्व्हला तो चालेल. प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हला चालणार नाही.

चौकोनी भोकाचा एक मोठा दोष असा, की हँडल चार दिशांनी बसते. म्हणून स्पिंडलच्या माथ्यावर बॉलच्या भोकाला समांतर खाच कापलेली असावी आणि दांडा त्या खाचेशी समांतरच बसवावा. दोन सपाट कडांचा स्पिंडल असेल, तर दोनच दिशा उरतात आणि त्या दोन्ही बॉल व्हॉल्व्हसाठी बरोबर ठरतात, कारण अर्ध्या फेऱ्याने बॉलच्या भोकाची रेषा बदलत नाही. हँडल निघू नये म्हणून नायलॉक नट वापरावा. स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेस नट घासून जाम होतो, म्हणून आट्यांना अँटी-सीझ ग्रीस लावावे. हँडल स्पिंडलला वेल्ड करणे पूर्णपणे टाळावे. त्या उष्णतेने ग्लँडमधील पॅकिंगची दोरी जळते आणि पुढची दुरुस्ती ग्राइंडरशिवाय होत नाही.

चाकाचा हिशेब

स्लूस व्हॉल्व्हमध्ये गेट वर उचलण्यासाठी स्पिंडलला ओढ लागते आणि ती आट्यांतून टॉर्कमध्ये बदलते. १५० मिमी व्हॉल्व्ह आणि १० बार दाब धरू. गेटवर सुमारे १७,७०० न्यूटन दाब येतो. सीटवरील घर्षणाचा गुणांक नव्या व्हॉल्व्हला ०.३ पुरतो, पण गाळ बसलेल्या जुन्या लाइनसाठी ०.५ धरावा, म्हणजे सुमारे ८,८०० न्यूटन होतात. पॅकिंगसाठी १,५०० आणि स्पिंडलला बाहेर ढकलणाऱ्या पाण्यासाठी ६०० न्यूटन मिळवले, तर बेरीज ११,००० न्यूटनच्या घरात जाते.

२८ मिमी व्यास आणि ५ मिमी पिच (लगतच्या दोन आट्यांमधील अंतर) असलेल्या ट्रॅपेझॉइडल आट्याचा मध्यव्यास २५.५ मिमी असतो. त्याचा चढाचा कोन सुमारे ३.६ अंश आणि ०.१५ घर्षण गुणांकानुसार घर्षणकोन ८.८ अंश येतो. चढाचा कोन घर्षणकोनापेक्षा कमी असल्याने गेट आपोआप खाली येत नाही. हाताने चालवायच्या व्हॉल्व्हसाठी ही अट सोडू नये. आट्यांना लागणारा टॉर्क सुमारे ३१ न्यूटन-मीटर येतो. स्पिंडलवरील कॉलर जेथे टेकून फिरते तेथील घर्षण अनेक जण विसरतात. १८ मिमी सरासरी त्रिज्येला ते जवळजवळ ३० न्यूटन-मीटर होते, म्हणजे आट्यांइतकेच. कॉलरखाली पितळी वॉशर किंवा थ्रस्ट बेअरिंग दिले, तर चाक मोठे न करताही काम हलके होते. जड चालणाऱ्या व्हॉल्व्हला मोठे चाक लावण्याआधी हे करून पाहावे, असा माझा आग्रह असतो.

एकूण ६१ न्यूटन-मीटरसाठी ३०० मिमी चाक घेतले, तर कडेवर सुमारे ४०७ न्यूटन लागतात, म्हणजे ३६० न्यूटनची मर्यादा ओलांडली जाते. ३५० मिमी चाकाला सुमारे ३४९ न्यूटन लागतात, म्हणून तेच घ्यावे. गेट १५० मिमी उचलण्यासाठी ५ मिमी पिचला तीस फेरे लागतात, पण गेट सीटवरून सुटले की उरलेले फेरे हलके जातात.

चाकाच्या आऱ्यांचा हिशेब करताना एकाच आऱ्यावर सर्व भार येतो, असे धरावे. ८९० न्यूटन गैरवापराला आणि नाभीपासून १५० मिमी अंतराला २० मिमी गोल सळईत ताण सुमारे १७० मेगापास्कल येतो, जो आयएस २०६२ च्या ई२५० दर्जाच्या स्टीलला पेलतो. राखाडी बिडाचे चाक हातोड्याच्या एका घावाने फुटते. एसजी आयर्न (लवचीक बीड) किंवा वेल्डेड स्टीलचे चाक फुटण्याऐवजी वाकते. कडेची जाडी २० ते ३० मिमी असली, तर हातमोजे घालूनही पकड घट्ट बसते. चाकाच्या आऱ्यात अडकवण्याची 'व्हील की' अनेक ठिकाणी खुंटीला टांगलेली असते. ती वापरली जाणारच असेल, तर स्पिंडलचा हिशेब तिच्या लांबीसह करावा.

गिअरबॉक्स आणि पाण्याचा धक्का

बटरफ्लाय व्हॉल्व्हला साधारण १५० ते २०० मिमीपर्यंत खाचांच्या पट्टीवर अडकणारा दांडा पुरतो, त्यापुढे वर्म गिअरबॉक्स घ्यावा. प्रवाहाचा जोर बटरफ्लायच्या चकतीला बंद करण्याच्या दिशेने ढकलतो. खाचेतून दांडा सुटला, तर तो हातावर झटक्याने फिरतो. वर्म गिअर उलटा फिरत नसल्याने हा धोका टळतो.

दुसरे कारण वेळेचे आहे. पाण्याचा प्रवाह एकदम थांबवला, की दाबाची लाट उठते. घनता, लाटेचा वेग आणि प्रवाहाच्या वेगातील बदल यांचा गुणाकार म्हणजे दाबवाढ, हे जुकोव्हस्कीचे सूत्र आहे. लोखंडी पाइपमध्ये लाटेचा वेग सेकंदाला १००० मीटरच्या आसपास असतो, म्हणून १ मीटर प्रति सेकंद वेगाने वाहणारे पाणी एकदम थांबवले, तर दाब सुमारे १० बारने वाढतो. एक किलोमीटर लांबीच्या लाइनवर दोन सेकंदांच्या आत व्हॉल्व्ह बंद झाला, तर ही पूर्ण दाबवाढ मिळते. ओपा किंवा साळावलीसारख्या जलप्रकल्पांतून निघणाऱ्या लांब लाइनवर पाव फेऱ्याचा मोकळा दांडा देणे म्हणूनच योग्य नव्हे. गिअरबॉक्सचे तीस-चाळीस फेरे कंटाळवाणे वाटतात, पण ते लाइन वाचवतात.

गिअरबॉक्स निवडताना आयएसओ ५२११ मधील फ्लँजचा तक्ता पाहावा. एफ०५ फ्लँजवर कमाल १२५ आणि एफ०७ वर २५० न्यूटन-मीटर टॉर्क चालतो, आणि त्यांच्या बोल्टची वर्तुळे अनुक्रमे ५० आणि ७० मिमी असतात. हे माप पाळले, तर पुढे एका कंपनीचा गिअरबॉक्स काढून दुसऱ्या कंपनीचा लावता येतो.

जागा, उंची आणि लांबवलेला स्पिंडल

चाकाचा मध्य जमिनीपासून ९०० ते १२०० मिमी उंचीवर असावा आणि कडेभोवती किमान ७५ मिमी मोकळी जागा असावी, अन्यथा बोटांची सालटी निघतात. औषधनिर्मिती कारखान्यांतील थंड पाण्याच्या लाइनवर ५० मिमी इन्सुलेशन असते. स्पिंडल तेवढा लांब नसला, तर हँडलखालचे इन्सुलेशन कापले जाते आणि गोव्याच्या दमट हवेत त्या फटीत पाणी सुटून वर्षभर टपकत राहते. अशा लाइनवर हँडल इन्सुलेशनच्या वर निदान १० ते २० मिमी राहील, असा वाढीव स्पिंडल मागवावा.

चेंबरमधील व्हॉल्व्ह पावसाळ्यात पाण्याखाली जातो. वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशात चेंबरमध्ये उतरून चाक फिरवणे धोक्याचे असते, म्हणून जमिनीपर्यंत लांबवलेला स्पिंडल द्यावा. येथे पिळाचा हिशेब आवश्यक आहे. २५ मिमी व्यासाची, तीन मीटर लांबीची भरीव सळई ६० न्यूटन-मीटरला ३.४ अंश पिळते. तीस फेऱ्यांच्या स्लूस व्हॉल्व्हला त्याने काही फरक पडत नाही, पण पाव फेऱ्याच्या व्हॉल्व्हमध्ये वरची खूण 'बंद' दाखवत असताना बॉल साडेतीन अंश उघडा राहतो. तेथे जाड सळई किंवा पाइप वापरावा आणि अडसर वरच्या टोकाला न ठेवता व्हॉल्व्हवरच ठेवावा.

दिशा, खूण आणि कुलूप

घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले, की व्हॉल्व्ह बंद व्हावा आणि पाव फेऱ्याच्या व्हॉल्व्हमध्ये दांडा पाइपला समांतर असताना तो उघडा असावा. या दोन संकेतांना अपवाद करू नये. आपल्या कारखान्यांत कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी आणि ओडिया बोलणारी माणसे शेजारी-शेजारी काम करतात, त्यामुळे शब्दांपेक्षा ओतीव किंवा कोरलेला बाण अधिक उपयोगी पडतो. रंगवलेली खूण दोन पावसाळ्यांत जाते.

देखभालीच्या वेळी कुलूप लावता यावे म्हणून दांड्यात आणि बॉडीवरील पट्टीत समोरासमोर भोके ठेवावीत. कुलपाची कडी सहसा ६ ते ७ मिमी जाडीची असते, त्यासाठी ९ मिमी भोक पुरते. भोक मुठीकडील भागात घ्यावे. डोळ्याजवळ घेतल्यास पट्टी नेमकी सर्वाधिक ताणाच्या जागी कमकुवत होते आणि वर केलेला सर्व हिशेब बदलतो.

खारी हवा

वास्को आणि मुरगावच्या बंदराजवळ साधे रंगवलेले स्टील दोन-तीन वर्षांतच पापुद्रे सोडू लागते. दांड्यासाठी गरम जस्तलेपन केलेले स्टील पुरते, पण भोके आणि चौकोन आधीच लेपाइतके मोठे करून घ्यावेत, कारण जस्ताचा थर मापात भर घालतो. ३०४ स्टेनलेसवर समुद्राकाठी तपकिरी डाग पडतात. त्याने ताकद लगेच कमी होत नाही, पण बंदराच्या धक्क्यालगतच्या कामासाठी ३१६ घ्यावे. ॲल्युमिनियमचे चाक स्टेनलेस स्पिंडलवर थेट बसवले, तर खारट ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि पांढरी भुकटी सुटते. मध्ये नायलॉनचा वॉशर आणि बुश द्यावा.

दांड्यावरील रंगीत प्लास्टिकचे वेष्टण ही मला सर्वांत फसवी वस्तू वाटते. वेष्टण बाहेरून चकचकीत राहते, पण वरच्या तोंडातून आत शिरलेले पावसाचे पाणी टोकाशी साचते आणि त्याखालील पट्टी कागदासारखी पातळ होत जाते. वेष्टण सोलल्यावरच ते कळते. वेष्टण हवेच असेल, तर त्याच्या सर्वांत खालच्या बिंदूला ५ मिमीचे छिद्र पाडावे, दांडा टोकाकडे किंचित खाली झुकलेला ठेवावा आणि पावसाळ्याआधीच्या पाहणीत निदान एक वेष्टण सोलून पाहावे.

बसवल्यानंतरची चाचणी

हँडल बसवले, की लाइनवर पूर्ण दाब असताना सामान तोलण्याचा ५० किलोचा ताणकाटा मुठीच्या मध्याला अडकवून काटकोनात ओढावे. आपल्या उदाहरणातील दांडा २० किलोच्या आत हलला पाहिजे आणि ३५० मिमी चाक ३७ किलोच्या आत. त्याहून जास्त आकडा आला, तर आधी ग्लँडचे नट अकारण आवळले आहेत का ते पाहावे, कारण नव्या ग्लँड दोरीनंतर असे बहुधा होते. पुढे व्हॉल्व्ह दहा वेळा उघडून-मिटून डोळ्यातील खेळ पुन्हा मोजावा, स्पिंडलवरील खाच आणि दांडा समांतर आहेत याची खात्री करावी आणि ताणकाट्याचा आकडा तारखेसह व्हॉल्व्हच्या नोंदवहीत लिहावा. पुढच्या वर्षी त्याच मुठीवर, त्याच दाबाला आकडा दीडपट आला, तर हँडलला हात न लावता सीट आणि पॅकिंग उघडून पाहावे.